नात आजोळी, लेक व्यसनात : एका कुटुंबाने आखलेल्या मर्यादा

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं. आमच्या कुटुंब समुपदेशन केंद्राकडे ते २०२२च्या सुरुवातीला आलं आणि अजून पूर्ण मिटलेलं नाही. कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहोत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

आप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. वय ६७. एसटीवाल्यांची पेन्शन ईपीएस-९५ची (भविष्य निर्वाह निधीतली १९९५ची पेन्शन योजना), म्हणजे उभी हयात डेपोत घालवून हातात येणारी रक्कम महिन्याच्या किराण्यालाही पुरी पडत नाही. ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत ठेवलेले. १९९४ साली घेतलेल्या प्लॉटवर बांधलेलं तीन खोल्यांचं घर आणि वडिलोपार्जित तीस गुंठे जमीन, एवढी मिळकत. माई अंगणवाडीत मदतनीस होत्या. आता उन्हाळ्यात कुरडया-पापडाच्या आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. थोरला मुलगा नवी मुंबईत, त्याचा संसार वेगळा. धाकटी वैशाली.

वैशाली बी.कॉम. होऊन पुण्यात एका कंपनीत बॅक ऑफिसला लागली, तिथल्याच मुलाशी लग्न झालं. २०१८ मध्ये नवरा दुचाकीच्या अपघातात गेला तेव्हा मुलगी, ओवी, तीन वर्षांची होती. सासरची माणसं लांबची. दिवस झाले आणि ती माणसं परत गेली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने भरपाई देताना, नेहमीप्रमाणे, ओवीच्या वाट्याची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगितली. व्याज आईच्या खात्यावर. ही ठेव पुढे महत्त्वाची ठरली.

दारू कधी सुरू झाली याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं. वैशाली सांगते, नवरा गेल्यावर झोप लागेना म्हणून. मैत्रीण सांगते, आधीही पार्ट्यांत घेत होती, एकटी घेत नव्हती. लॉकडाऊनमध्ये काम घरून सुरू झालं आणि संध्याकाळची बाटली दुपारी उघडू लागली. जून २०२१ मध्ये तिने ओवीला गावी आणून सोडलं. ‘शाळा ऑनलाइनच आहे, थोडे दिवस ठेवा.’ दोन फ्रॉक आणि एक मोबाइल एवढंच सामान. जन्मदाखला, आधार, सगळं पुण्यातच राहिलं.

गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत नाव घालताना मुख्याध्यापकांनी कागदांसाठी अडवलं नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे आणि त्यांना ते माहीत होतं. सगळीकडे असा अनुभव येत नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

दिवाळीपर्यंत वैशालीची नोकरी गेली होती. मग मोबाइलवरच्या कर्जाच्या अॅपवाल्यांचे फोन आप्पांना येऊ लागले. सकाळी सहाला, रात्री अकराला, शिव्या देत. आप्पांनी ग्रॅच्युइटीच्या ठेवीतून ३८,००० रुपये भरले. दीड महिन्यात दुसऱ्या अॅपचे फोन सुरू झाले.

जानेवारी २०२२ मधल्या एका रात्री वैशाली शेवटच्या गाडीने आली. नीट उभं राहता येत नव्हतं. ‘माझी पोर मला द्या, आत्ताच्या आत्ता पुण्याला नेते’ म्हणून तिने ओवीला झोपेतून उठवलं. पोरगी रडली नाही. उठून दप्तर घेतलं, खांद्याला लावलं आणि फ्रॉकवरच दारात जाऊन उभी राहिली. माई सांगतात, तिच्या आईपेक्षा मला तिच्या त्या शहाण्यासारख्या उभं राहण्याची भीती वाटली. आप्पा एवढंच म्हणाले, ‘रात्री गाडी नाय. सकाळी बोलू.’ शेजारच्या गल्लीतून माईंच्या बहिणीचा मुलगा आला, वैशालीला मावशीकडे घेऊन गेला. सकाळी ती कुणाशी न बोलता निघून गेली.

त्यानंतर ओवी रोज रात्री उठून कडी लागली आहे का ते स्वतः पाहू लागली. माई आमच्याकडे आल्या त्या या कडीसाठी. वैशालीसाठी नव्हे, तिचं काही होईल ही आशाच त्यांनी सोडली होती.

म्हटलं तर प्रश्न तीन होते. पोरीला रात्रीची झोप हवी होती. म्हाताऱ्यांचे पैसे गळत होते. आणि कायद्याने ओवीची पालक फक्त वैशाली होती. वडील गेल्यावर आई हीच नैसर्गिक पालक. आजी-आजोबांनी कितीही सांभाळलं तरी कागदावर त्यांचं स्थान शून्य. ठेवीच्या पावत्या वैशालीकडे होत्या. मुदतीआधी मोडायला न्यायाधिकरणाची परवानगी लागते, पण ‘मुलीच्या शिक्षणासाठी’ असा अर्ज आईने केला तर तो सहज खरा वाटू शकतो.

कोणते मार्ग होते

थोरल्या मुलाचं मत सोपं होतं : संबंध तोडा. नंबर ब्लॉक करा, दारात आली तर पोलीस बोलवा. त्याच्या रागाला कारण होतं, बहिणीने त्याच्याकडूनही पैसे उचलले होते. पण ओवीचं काय, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. आई जिवंत असून भेटत नाही, हे सात वर्षांच्या मुलीला कसं सांगणार? शिवाय माईंच्याने ते एक आठवडाही झालं नसतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसरा मार्ग कोर्टाचा. १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात पालकत्वाचा अर्ज करता येतो. आजी-आजोबांचं वय ही अडचण असतेच असं नाही. करोनात दोन्ही पालक गेलेल्या एका मुलाचा ताबा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मावशीऐवजी वडिलांकडच्या आजी-आजोबांना दिला आहे. पण इथे आई हयात. या कायद्यात, आई किंवा वडील जिवंत असतील तर ते पालक म्हणून अपात्र आहेत असं न्यायालयाचं मत झाल्याशिवाय दुसऱ्याला मुलाचा पालक नेमता येत नाही. म्हणजे आप्पांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून स्वतःच्या लेकीला नालायक ठरवायचं. ते म्हणाले, ‘करीन, पण मग ती परत येणार नाय.’

ज्येष्ठ नागरिकांचा २००७चा कायदा कुणीतरी सुचवला होता. प्रांताधिकाऱ्यांपुढचं ते न्यायाधिकरण त्रास देणाऱ्या मुलांविरुद्ध चांगलं कामी येतं, पण वैशाली त्या घरात राहतच नव्हती आणि नातीच्या ताब्याशी त्याचा संबंध नाही. बालकल्याण समितीची, म्हणजे निराधार किंवा अडचणीतल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीची, दोघांना धास्ती होती, ‘पोरीला संस्थेत नेतील’. ती धास्ती अनाठायी होती. नातेवाइकांकडे नीट सांभाळलेल्या मुलाला समिती उचलून नेत नाही. उलट एकल पालकाच्या मुलांसाठीच्या बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये मिळवायचे तर समितीसमोर जावंच लागतं.

पोरगी आईकडे परत द्यावी, हा मार्ग फक्त वैशालीच्या तोंडी होता.

राहिला तो मधला रस्ता : कोर्टाची तयारी पूर्ण ठेवायची पण अर्ज दाखल करायचा नाही, वैशालीकडून लेखी संमतीपत्र घ्यायचं आणि घराच्या मर्यादा ठरवायच्या. आम्ही याच बाजूने झुकलो. कारण साधं होतं. वैशालीने त्या रात्रीनंतर पोरीला न्यायचा प्रयत्न केला नव्हता आणि शुद्धीत असताना ती ‘तुमच्याकडेच बरी आहे’ असं म्हणत होती. ती पुन्हा जबरदस्तीला आली असती तर अर्ज त्याच दिवशी करून तात्पुरता ताबा मागता आला असता. वकिलांनी कागद तयार करून फाइल आप्पांच्या कपाटात ठेवली. डॉक्टरची चिठ्ठी, शाळेचं हजेरीपत्रक, अॅपवाल्यांच्या फोनची नोंद, सगळं त्यात.

मर्यादा कशा ठरल्या

पहिला कागद आप्पांनी स्वतः लिहून आणला. डेपोतल्या सूचनाफलकासारखा, अकरा कलमांचा. वैशालीने दारू पिऊ नये. वैशालीने नोकरी शोधावी. वैशालीने खोटं बोलू नये. फोनवर वाचून दाखवला तेव्हा तिने हसून फोन ठेवला, आणि तिचं अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही. त्या अकरांपैकी एकही गोष्ट आप्पांच्या हातात नव्हती. मोडल्यावर काय, याचंही उत्तर नव्हतं.

दुसरा कागद तयार करायला तीन बैठका लागल्या. त्यातलं प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू होत होतं आणि मोजून पाचच होती. आम्ही रोख किंवा मोबाइलवरून पैसे देणार नाही; उपचाराचा खर्च थेट भरू. आम्ही कुठल्याही कर्जाला जामीन राहणार नाही, अॅपवाल्यांशी बोलणार नाही. आम्ही रोज संध्याकाळी सातला ओवीशी फोन लावून देऊ. बोलणं अडखळत असेल तर ‘आज नको, उद्या बोलू’ म्हणून ठेवू. आम्ही दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी दिवसा भेट घडवू, आमच्या घरी. आम्ही, वैशाली रात्री किंवा पिऊन आल्यास, दार उघडणार नाही. मावशीकडे अंथरूण असेल.

शेवटच्या वाक्याचा उत्तरार्ध माईंचा. त्यावर मुलगा चिडला, हे लाड आहेत म्हणाला. आमच्या मते तो उत्तरार्ध नसता तर पूर्वार्ध टिकलाच नसता. लेक थंडीत रस्त्यावर आहे हे माहीत असताना दार बंद ठेवणारी आई आम्ही तरी पाहिलेली नाही.

‘माझा हिस्सा द्या’ ही वैशालीची जुनी मागणी. त्यावर आप्पांचं ठरलेलं उत्तर, ‘तुझा काय संबंध?’ वकिलांनी ते दुरुस्त केलं. घर स्वकष्टाचं, आप्पा हयात असेपर्यंत त्यात कुणाचाच हक्क नाही. पण वडिलोपार्जित तीस गुंठ्यांत हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनंतर लेकीचा मुलाइतकाच हिस्सा. आप्पांना हे पचायला वेळ लागला. तरी त्यांनी ते वैशालीला स्वतः सांगितलं : जमिनीत तुझा वाटा आहे, तो कुणी खाणार नाही, घरावर मात्र बोलायचं नाही. भांडणातला एक मोठा विषय त्या दिवशी संपला.

गळती

तीन महिने कागद चालला असं वाटत होतं. मग गल्लीतल्या किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत आप्पांना एक ओळ दिसली. साबण, तूरडाळ, आणि खाली ‘वैशाली ५००’. मागची पानं चाळली तर दर आठवड्याला तशीच ओळ. माई ऑर्डरींचे पैसे दुकानदाराला रोख देत आणि तो ते मोबाइलवरून वैशालीला पाठवत होता. दुकानदाराला यात काही गैर वाटलं नव्हतं. गावातल्या निम्म्या आया अशाच पैसे पाठवतात.

आप्पांनी त्या रात्री जेवण केलं नाही. पुढच्या बैठकीत ते माईंकडे बघतही नव्हते. इथे आम्हाला ठरवायचं होतं की ही कागद मोडल्याची गोष्ट मानायची की कागदातच काही राहून गेलं होतं असं समजायचं. माईंना एकटीला विचारलं. त्या म्हणाल्या, ‘दारूला देत न्हवते हो. उपाशी राहील म्हणून देत हुते.’

भीती खरी होती आणि कागदात तिला जागा नव्हती. मग पैशांऐवजी जेवण ठरलं. वैशालीच्या खोलीजवळच्या खानावळीत दोन वेळच्या डब्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला थेट मालकिणीच्या खात्यावर. डबा नेला की नाही हे माई मालकिणीला फोन करून विचारू शकत. खर्च पाचशेच्या हप्त्यांपेक्षा थोडा जास्तच आला. पण त्यानंतर वहीत ती ओळ दिसली नाही, आणि खानावळवाल्या बाईंमुळे पुण्यात एक माणूस रोज वैशालीकडे बघणारं मिळालं. याचा उपयोग पुढे झाला.

ओवीला काय सांगितलं

तोवर घरात ‘आई कामात आहे’ असं सांगायची पद्धत होती. ओवीला ते खोटं आहे हे केव्हाच कळलं होतं. एकदा तिने केंद्रातल्या ताईला सांगितलं, ‘आईच्या तोंडाला औषधाचा वास आला की आज्जी माझ्या वह्या लपवते.’ वह्या का? तर आई पिऊन आली की वही बघून रडायची, पानं भिजायची.

माई-आप्पांनी तिच्याशी काय बोलायचं ते आधी आमच्यासमोर म्हणून पाहिलं. आईला दारूचा आजार आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही. तो बरा करायचं काम डॉक्टरांचं आणि आईचं, तुझं नाही. आईला भेटायचं की नाही हे त्या दिवशी तू सांगायचं. ओवीने दोनच गोष्टी विचारल्या : शाळेत कुणाला सांगितलंय का, आणि मला रात्री कुणी नेणार नाही ना. शाळेत मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका या दोघांनाच सांगितलं आणि पोरीला कोण नेऊ शकतं याची तीन नावं लिहून दिली. कडी पाहणं हळूहळू थांबलं. कधी ते माईंनाही सांगता येत नाही.

कसोटी आणि उपचार

२०२२च्या भाऊबीजेला वैशाली दुपारी आली, प्यालेली. घरात भाऊ-वहिनी, पाटावर ओवाळणीची तयारी. भावाला तिला आत घेऊन दोन शब्द सुनवायचे होते. आप्पा उंबऱ्यावर उभे राहिले आणि कागदातलं वाक्य म्हणाले. माईंनी चिवडा-लाडवांचा डबा दिला, मावशीचा मुलगा घेऊन गेला. ओवी खिडकीतून बघत होती. संध्याकाळी तिने आईला फोन करायचा नाही असं सांगितलं आणि कुणी आग्रह केला नाही. आम्हाला हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण सणाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, एकदाही आवाज न चढता मर्यादा पाळली गेली.

या मर्यादांमुळे वैशाली उपचाराला तयार झाली, असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने स्वतःच्या मनाने एकदम दारू बंद केली आणि दुसऱ्या दिवशी तिला फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबणं जिवावर बेतू शकतं. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावे लागतात. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, घरच्यांनाही माहीत नव्हतं. दोन वेळा डबा नेला नाही म्हणून खानावळवाल्या बाई बघायला गेल्या आणि रुग्णालयात घेऊन गेल्या.

तिथून ती व्यसनमुक्ती केंद्राच्या महिला विभागात दाखल झाली. आप्पांनी खर्च थेट भरला, कागदात लिहिल्याप्रमाणे. बायकांसाठी अशी सोय आपल्याकडे अजून फार थोडी आहे. पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं, पण तिथेही स्त्रियांसाठी वेगळा विभाग यायला बरीच वर्षं गेली. दारू पिणाऱ्या नवऱ्याची बायको कशी असते हे गावाला माहीत आहे; दारू पिणारी लेक कुठे न्यायची हे माहीत नाही.

बाहेर आल्यावर तिची पहिली मागणी : ओवी परत हवी, मे महिन्यातच. आप्पा घाबरले, माई विरघळल्या. आम्ही दोघांना त्याच कागदाकडे परत नेलं. रविवारच्या भेटी सलग सहा महिने शुद्धीत झाल्या की पुढचं बोलू, असं सहावं वाक्य त्यात आलं. ऑगस्टमध्ये ती एकदा घसरली. त्या रविवारी भेट झाली नाही, पुढच्या भेटीला ती वेळेवर आली. सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले.

निष्पत्ती

या टप्प्यावर वकिलांनी एक गोष्ट सुचवली जी आमच्याही डोक्यात नव्हती. माई-आप्पांची खरी धास्ती होती, ‘आम्ही गेलो तर?’ पण नातीसाठी पालक नेमून ठेवायचा अधिकार त्यांना नाही. वैशालीला आहे. १९५६च्या हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व पालकत्व कायद्यानुसार विधवा आई आपल्या मुलासाठी मृत्युपत्राने पालक नेमू शकते. वैशालीने दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केलं : आधी आई-वडील, त्यांच्यानंतर भाऊ. भावाने सही करायच्या आधी तिच्याशी तासभर वाद घातला, मग होकार दिला. तिने त्याच दिवशी ठेवीच्या पावत्या आणि ओवीचा जन्मदाखला आप्पांच्या हातात दिला. कोर्टाने काढून घेतलं असतं तर तिने हे दिलं असतं का, याबद्दल आम्हाला शंका आहे.

ओवी आजही आजोळीच आहे. बालसंगोपनचे पैसे मंजूर झाले, पण उशिरा आणि खंडित येतात. वैशाली पुण्यात एका दुकानात हिशेब लिहिते. फोन सातलाच येतो. अॅपची कर्जं तिने स्वतः फेडायला घेतली आहेत. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. आप्पा तो आता फोनवर पाठ म्हणून दाखवतात.

वेगळं काय करता आलं असतं

जून २०२१ मध्ये ‘थोडे दिवस’ म्हणून पोर आली त्याच आठवड्यात साधं संमतीपत्र आणि कागदपत्रांच्या प्रती घ्यायला हव्या होत्या. तेव्हा वैशालीने हसत दिल्या असत्या. आप्पांनी भरलेले ३८,००० वाया गेले असंच म्हणावं लागेल. अॅपवाल्यांना कळलं की इथे फोन केला की पैसे मिळतात. माईंशी सुरुवातीलाच एकटीशी बोलणं झालं असतं तर किराणा दुकानाचा तिढा आधीच सुटला असता. जोडप्यांच्या बैठकीत आपल्याकडच्या बायका नवऱ्याच्या होला हो म्हणतात आणि घरी जाऊन आपल्याला पटेल ते करतात.

दारू एकदम सोडण्याचा धोका घरच्यांना पहिल्याच बैठकीत सांगायला हवा, हे आता आमच्या केंद्रात ठरलं आहे.

थोरल्या मुलाचा भाग सगळ्यात कच्चा राहिला. दोन वर्षं त्याच्याकडून फक्त पैसे आणि मतं घेतली गेली, काम दिलं गेलं नाही. मृत्युपत्रात नाव आल्यावर तो पहिल्यांदा ओवीला सुट्टीत आपल्याकडे घेऊन गेला.

आणि एक गोष्ट अजून टांगलेली आहे. पुढच्या वर्षी ओवी पाचवीत जाईल आणि गावची शाळा चौथीपर्यंतच आहे. वैशालीला ती पुण्यात हवी आहे, आप्पांना तालुक्याच्या हायस्कुलात, आणि ओवी म्हणते, आईकडे शनिवार-रविवार.  मेमध्ये बैठक ठेवली आहे. वैशालीने खोलीचा भाडेकरार आणि डॉक्टरांचं पत्र आणायचं कबूल केलं आहे, आप्पांनी हायस्कूलचा प्रवेश अर्ज.